पिवळ्या पानांवरचं सामान: इंदूरच्या बाजारातून काय घ्यावं आणि काय दुकानातच ठेवावं

नर्सरीत जाऊन "पानं पिवळी पडतायत" एवढं म्हटलं की समोरून पांढऱ्या खड्यांची पुडी येते. एप्सम सॉल्ट. झाड कोणतं, पिवळं झालेलं पान खालचं की शेंड्याचं, घरी पाणी बोअरचं येतं की नर्मदेचं, हे कुणी विचारत नाही. पुडी स्वस्त, म्हणून गिऱ्हाईकही विचारत नाही. महिन्याने झाड तसंच असतं आणि मग पुडीच्या जोडीला एक बाटली येते.

हे परीक्षण त्या पुड्या-बाटल्यांचं आणि त्यांच्या आजूबाजूला मांडलेल्या सामानाचं आहे. कंपन्यांची नावं मुद्दामच घेतलेली नाहीत. यातल्या बऱ्याच वस्तू सुट्या मिळतात किंवा वेगवेगळ्या लेबलांखाली तोच माल असतो. निकाल आधीच सांगून टाकतो: घरातल्या कुंड्यांचं दुखणं बहुतेक वेळा पाण्यात आणि मातीत असतं, खतात नाही. त्यामुळे पहिले पैसे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायच्या पेनावर आणि परलाइटच्या, म्हणजे माती भुसभुशीत ठेवणाऱ्या पांढऱ्या हलक्या खड्यांच्या, पिशवीवर घाला. बाकीची खरेदी पान बघून.

पान बघायचं ते असं. खालची जुनी पानं देठासकट पिवळी आणि मऊ, माती हाताला ओली: मुळं गुदमरली आहेत. खालचीच पानं पिवळी पण कुरकुरीत, मातीने कुंडीची कड सोडलेली: झाड तहानलंय. जुन्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम कमी. हेच चित्र कोवळ्या पानांवर: लोह कमी. पान हिरवं, फक्त टोक आणि कडा तपकिरी: क्षार, नाहीतर उन्हाळ्याची कोरडी हवा. पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके: कोळी नावाची बारीक कीड. आणि मनीप्लांटचं अगदी तळचं एखादं पान मधूनमधून पिवळं होऊन गळत असेल, तर त्याचं वय झालं. त्याला काही देऊ नका.

ओलावा मीटर: दिसतो छान, बोलतो खोटं

दोन सळया, वर हिरव्या रंगाचा डबा, त्यावर १ ते १० आकड्यांचा काटा आणि ओलावा-पीएच (माती आंबट की चुनखडी)-प्रकाश अशी तीन कामांची कळ. हा मीटर भेट म्हणून फार दिला जातो. याला बॅटरी लागत नाही, आणि खोट तिथेच आहे. दोन सळया दोन वेगळ्या धातूंच्या असतात. ओल्या मातीत त्या दोघींची मिळून चिमुकली बॅटरी तयार होते आणि काटा तिचा प्रवाह दाखवतो. म्हणजे मीटर पाणी मोजतच नाही. विजेला वाट किती मोकळी आहे एवढंच त्याला कळतं, आणि ती वाट पाण्याने मोकळी होते तशी क्षारांनीही होते.

पटत नसेल तर एका पेल्यात आरओचं पाणी घ्या आणि सळया बुडवा. पेला पाण्याने भरलेला असूनही काटा अर्ध्यावरच रेंगाळतो, कधी तेवढाही सरकत नाही. आता त्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळा. काटा सरळ "वेट"च्या टोकाला जातो. पाणी तेवढंच होतं.

कुंडीत याचा अर्थ असा होतो: दोन वर्षं बोअरचं पाणी पिऊन क्षार साठलेली माती बरीच कोरडी झाली तरी मीटर "ओली" म्हणतो. उलट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइटच्या भुसभुशीत मिश्रणात सळईला माती नीट चिकटत नाही, मधे हवा राहते, म्हणून चिंब कुंडीलाही तो "कोरडी" म्हणतो. यावर विश्वास ठेवून पाणी घातलं की पीस लिली आठवड्यात मान टाकते आणि ती पाणी कमी झाल्यामुळे नव्हे. पीएचच्या कळीचं म्हणाल तर ती शोभेची आहे. प्रकाशाची मात्र दोन जागांची तुलना करायला चालते.

घरी आधीच आणलेला असेल तर वापरायची रीत: सळई पुसून कोरडी करा, कुंडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत, खडा लागला तर जोर न करता, दोन-तीन जागी घाला, मिनिटभर थांबा. त्याच कुंडीचा पाणी घातल्यानंतरचा आणि झाड कोमेजायला लागल्यावेळचा आकडा लिहून ठेवा आणि त्या कुंडीपुरताच वापरा. सळया मातीत रोवून ठेवू नका, गंजतात.

नसेल आणला तर आणू नका. बांबूची लांब काडी, कबाबवाली, तळापर्यंत घालून दहा मिनिटांनी काढा. ओली जागा गडद दिसते आणि तिला मातीचे कण चिकटलेले असतात. याहून नेमकं हवं असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. कुंडीला पोटभर पाणी घाला, अर्धा तास निथळू द्या, वजन करा. समजा १४०० ग्रॅम भरलं. माती तळापर्यंत सुकली, झाड जरा मलूल दिसलं, की परत वजन करा. समजा ९०० ग्रॅम. मनीप्लांट, अरेका यांना ११००च्या आसपास पाणी द्या, स्नेक प्लांटला ९०० येईपर्यंत हात लावू नका. मोठ्या कुंडीला काटा पुरत नाही. तिथे कड उचलून बघायची सवय होते. मीटरला ५ पैकी दीड.

टीडीएसचं पेन

वॉटर प्युरिफायर विकणाऱ्याच्या खिशात असतं तेच. दोन-तीनशे रुपयांच्या आत येतं आणि या यादीत त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. हेसुद्धा विजेवरच चालतं, पण इथे पाणीच मोजायचं असल्यामुळे घोळ होत नाही.

इंदूरला नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून येतं, पहिला टप्पा १९७८ चा. ते एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी. बाकीची गरज बोअर आणि उन्हाळ्यात टँकर भागवतात, आणि बऱ्याच इमारतींच्या टाकीत तिन्ही एकत्र होतात. म्हणून "आमच्याकडे नर्मदा येते" हे उत्तर झाडाच्या कामाचं नाही. नळातून येतं ते मोजा, एकदा जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात. ढोबळ हिशेब: २०० च्या खाली असेल तर सगळ्या झाडांना चालेल. २०० ते ५०० मध्ये मनीप्लांट, सिंगोनियम, रबर प्लांट मजेत राहतात. स्पायडर प्लांट, ड्रेसिना, पीस लिली, कॅलेथिया यांची टोकं इथूनच तपकिरी व्हायला लागतात. ५०० च्या वर सगळ्यांनाच महिन्यातून एकदा माती धुऊन द्यावी लागते.

आता चार पाणी, ज्यांबद्दल घरोघर गैरसमज आहेत.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा सल्ला सगळेच देतात. फरशी पुसायला ते उत्तम आहे. कुंडीला नाही. मशीन १ लिटर शुद्ध पाण्यामागे ३ लिटर बाहेर टाकत असेल आणि आत येणारं पाणी ६०० टीडीएसचं असेल, तर बाहेरच्या नळीचं पाणी सुमारे ७८० चं असतं. शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार जातात तिकडेच ना. जमिनीत लावलेल्या झाडाला पाऊस धुऊन काढतो, बंद बाल्कनीतल्या कुंडीला कोण धुणार?

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी त्याहून वाईट. कूलर दिवसभर पाणी उडवतो, क्षार टाकीतच ठेवतो. जाळीवर पांढरी पापडी धरते ती हीच. शिवाय कूलरच्या झोतात ठेवलेल्या अरेकाच्या कडा करपतात त्या वाऱ्याने. त्याला पाणी वाढवून उपयोग नाही, जागा बदला.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं, जवळजवळ क्षारविरहित असतं. बादली लावा. पेन बहुधा ५० च्या खालीच आकडा दाखवेल. कॅलेथिया आणि ड्रेसिना यांच्यासाठी राखून ठेवा, किंवा बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा.

आणि सॉफ्टनरचं पाणी. नव्या टाऊनशिपमध्ये बोअरला सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, म्हणून पेनाला हा फरक कळत नाही. झाडाला कळतो. साबणाला फेस भरपूर येतो, नळावर डाग पडत नाहीत, पण कुंड्या एकेक करून मरतात, असं दिसलं की वॉचमनला विचारून सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी भरा.

रात्रभर बादलीत पाणी ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं. जडपणा उडून जात नाही. त्याला सायट्रिक ॲसिड घाला. सियागंजात किराण्याच्या ठोक दुकानात "नींबू फूल" म्हणून मागा, वीस लिटरच्या बादलीला ४-५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा. ढवळून पीएचचा कागद बुडवा. ६ ते ६.५ यायला हवा. पाच आला तर साधं पाणी वाढवा. याने टीडीएस कमी होत नाही, पण पाण्यातला चुन्याचा अंश मोडतो, माती हळूहळू चुनखडी होत जाते ती थांबते, आणि लोहाचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

पेनाचा दुसरा उपयोग फारसा कुणी करत नाही. कुंडीला नेहमीचं पाणी घाला आणि तळाच्या भोकातून निथळलेलं पाणी वाटीत धरून मोजा. आत ३०० घातलं आणि बाहेर १५०० आलं तर मातीत क्षार साठले आहेत, टोकं करपण्याचं कारण सापडलं. अशी कुंडी बाथरूममध्ये न्या. ६ इंची कुंडीत सुमारे २ लिटर माती असते. तिच्यावरून ५ लिटर पाणी, दहा-दहा मिनिटं थांबत तीन वेळा मिळून, सावकाश सोडा. पुन्हा मोजा. ६०० च्या आसपास आलं की पुरे.

एप्सम सॉल्ट आणि लोह

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट: मॅग्नेशियम दहा टक्क्यांच्या आत-बाहेर, गंधक १३ टक्के, निम्मं वजन पाण्याचं. बागकामाच्या सुंदर डब्यातलं आणि शेतीच्या दुकानातल्या किलोच्या पिशवीतलं एकच. अंघोळीचं सुगंधी तेवढं नको.

माळव्याची काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची सहसा ददात नसते. म्हणजे कुंडीत निम्मी बागेची माती असेल तर ही पुडी तुमच्यासाठी नाही. वरून घातलेलं जादा मॅग्नेशियम कॅल्शियम आणि पोटॅशच्या वाटेत उभं राहतं, ते वेगळंच. निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेल्या झाडाला मात्र खरी गरज पडते, कारण कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅश-सोडियम सोडतं. जुन्या पानावर हिरव्या शिरांचं जाळं स्पष्ट दिसलं तर लिटरला अर्धा छोटा चमचा, महिन्यातून एकदा, दोन महिने. फरक पडला नाही तर निदान चुकलं आहे, पुडी वाढवू नका.

पिवळ्या पानांच्या नावाखाली इंदुरात जास्त करून दिसतं ते लोह. अनंत, एक्झोरा, जास्वंद, मोगरा, गोडनिंब: शेंड्याची पानं लिंबाच्या रंगाची, शिरा हिरव्यागार. मातीत लोह असतंच, पण जड पाण्याने पीएच आठाकडे गेला की ते मुळाला घेता येत नाही. म्हणूनच हिराकस, म्हणजे साधं फेरस सल्फेट, अशा मातीत टाकलं की दोन दिवसांत गंजून बसतं. गंजके खिळे पुरणं हा त्याच वाटेवरचा उपाय.

दुकानात चिलेटेड आयर्न, म्हणजे दुसऱ्या पदार्थाने धरून ठेवलेलं लोह, मागितलं तर पाकिटावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. ईडीटीए लिहिलं असेल तर त्यात लोह १२ टक्के, पिवळसर पावडर. मातीचा पीएच साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोहाला सोडून देतो, म्हणून आपल्याकडे तो मातीत न घालता पानांवर फवारायचा, लिटरला अर्धा ग्रॅम, ऊन उतरल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. ईडीडीएचए लिहिलं असेल तर लोह ६ टक्केच, भाव बराच जास्त, आणि तरी पैसे इथे घाला. हा पीएच ९ पर्यंत टिकतो. लिटरला १ ग्रॅम, ६ इंची कुंडीला पाव लिटर, ओल्या मातीत. फवारायचा नाही. पाण्यात टाकल्यावर रक्तासारखा लालभडक रंग येतो. रंग आलाच नाही तर पाकीट परत करा. फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाही. दोन-तीन आठवड्यांत येणारं नवं पान हिरवं आलं पाहिजे.

गोडनिंबाला आंबट ताक घालणाऱ्या आजींचं निदान मात्र बरोबर असतं. ताकातल्या आंबटपणाने पीएच थोडा खाली येतो. पण वाटीभर ताक एकदा घालून चुनखडी माती बदलत नाही, आणि घरातल्या कुंडीत त्याचा वास, मुंग्या, बुरशी एवढंच हाती लागतं. आंबटपणा हवा तर वर सांगितलेलं नींबू फूल.

एनपीके १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, त्याबद्दल थोडक्यात. वर्षानुवर्षं त्याच मातीत असलेलं झाड सगळंच फिकट, जुनी पानं एकसारखी पिवळट, वाढ बंद: तिथे हे लागू पडतं. लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, माती आधी ओली करून. आजारी झाडाला, नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला आणि मे महिन्यात कुणालाच नाही. शेतातून आणलेले युरिया-डीएपीचे दाणे कुंडीत टाकू नका. दुसऱ्या दिवशी कडा जळतात.

माती: कोकोपीट, परलाइट, खत

इथल्या नर्सऱ्यांत पुण्याकडून किंवा आंध्रातल्या कडियमहून येणारी झाडं बऱ्याचदा घट्ट मातीच्या गोळ्यात येतात. वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून ती माती निवडलेली असते, वाढीसाठी नाही. तो गोळा तसाच उचलून भोवती भुसभुशीत कोकोपीट भरलं की पाणी सोप्या वाटेने कडेकडेने खाली जातं, गोळा आत कोरडा राहतो. नाहीतर उलट: गोळा एकदा चिंब झाला की आठवडा आठवडा सुकत नाही. नर्सरीतून आणल्यावर दोन महिन्यांत पिवळं पडणाऱ्या झाडांपैकी बरीचशी या गोळ्याने मारलेली असतात. आणि नर्सरीवाला सोबत जी "गमल्याची माती" विकतो, ती बरेचदा काळी माती आणि शेणखत. ही माती रब्बीच्या हरभऱ्याला ओल धरून ठेवते. बिनउन्हाच्या कुंडीत तोच गुण नडतो. भिजली की फुगते, सुकली की भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात.

कोकोपीटची ५ किलोची वीट २०-२५ लिटर पाण्यात फुगून साठेक लिटर होते. स्वस्त विटांमध्ये मीठ असतं. भिजवून मूठभर पिळा आणि पाणी पेनाने मोजा: ५०० च्या वर आलं तर धुवा, पिळा, पुन्हा धुवा. तिसऱ्या पाण्याला बहुतेक विटा सुधारतात.

परलाइट महाग वाटतं कारण किलोवर विकतात. पण ते हलकं असल्यामुळे किलोत बरंच येतं. पिशवी उघडताना नाकावर फडकं बांधा आणि आधी पाणी शिंपडा, धूळ छातीत जाते. परवडत नसेल तर बांधकामावरची चुरी, ३ ते ६ मिलिमीटरची, बारीक पूड चाळून टाकून, धुऊन. काम तेच करते, फक्त कुंडी जड होते.

गांडूळखत घेताना पिशवी उघडून हुंगा. पावसाच्या पहिल्या सरीचा वास यायला हवा. अमोनियाचा, शेणाचा वास आला, हात घातल्यावर गरम लागलं, पेंढा ओळखू आला, तर ते कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत कुजत राहतं, कुजताना मातीतला नत्र स्वतःच वापरतं, झाड पिवळं पडतं आणि वर बारीक काळ्या माशा घोंघावतात. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. तिचा सारा भर ढीग पुन्हा पुन्हा परतून तीन महिने पिकू देण्यावर आहे. त्याच गावात महिन्याभराचं खत पिशवीत घालून विकलं जावं हे काही बरं दिसत नाही.

मिश्रण मापाने, वजनाने नव्हे. मनीप्लांट, पीस लिली, अरेका यांना ४ भाग कोकोपीट, ३ परलाइट, २ गांडूळखत, १ माती. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटला ५ भाग परलाइट किंवा चुरी, ३ कोकोपीट, २ खत. मातीची गरज नाही. गोळा बादलीत अर्धा तास भिजवा, बोटांनी आणि नळाच्या बारीक धारेने बाहेरची निम्मी माती उतरवा, मुळं ओढू नका. नवी कुंडी जुनीपेक्षा १ ते २ इंचच मोठी. तळाला खडे अंथरू नका: पाणी खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, त्याच्या वरच्या मातीत अडून राहतं, म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

मुळं कुजलेली असतील तर

गोळा बाहेर काढल्यावर निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि कडक असतं. कुजलेलं मूळ काळपट, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर उरते. नाल्यासारखा वास येतो. असं सगळं कात्रीने कापून टाका, दर दोन-तीन कापांनंतर कात्री स्पिरिटने पुसा. मुळं निम्मी गेली तर पानंही साधारण निम्मी काढा.

यावर दुकानात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक देतात. ते बऱ्याच बुरशांवर चालतं, पण साचलेल्या पाण्यात मुळं कुजवणारे पिथियम आणि फायटोप्थोरा या बुरशा खऱ्या अर्थाने बुरशाच नव्हेत, आणि त्यांच्यावर कार्बेन्डाझिम काहीच करत नाही. त्यांच्यासाठी मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण मागा, लिटरला २ ग्रॅम, एकदाच, ओतून. हातमोजे घालून, गच्चीवर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर रसायन सोडाच. मुळं छाटून, कोरड्या नव्या मिश्रणात लावून, पहिलं पाणी बेताचं दिलं तरी बरीच झाडं सावरतात. मनीप्लांट असेल तर वरच्या दोन-तीन गाठींची काडी कापून पाण्यात ठेवणं या सगळ्यापेक्षा स्वस्त.

उरलेलं सामान

कडुनिंबाचं तेल ठेवा घरात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कोळी येतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका: कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर तोच. आधी झाड बाथरूममध्ये नेऊन पानांची खालची बाजू जोरदार पाण्याने धुवा, निम्मं काम तिथेच होतं. मग लिटरला ५ मिली तेल आणि १-२ मिली भांड्यांचा साबण, आधी तेल-साबण घोटून मग कोमट पाणी, संध्याकाळी, ५ ते ७ दिवसांनी तीनदा. चाळीस अंशांच्या दुपारी फवारलं तर पानं भाजतील. थंडीत तेल गोठतं, तो माल खराब नसतो. बाटली गरम पाण्यात ठेवा. दुकानदाराने कोळ्यावर इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पुढे केलं तर घेऊ नका, त्याने कोळी मरत नाही, उलट त्याला खाणारे किडे मरून तो वाढतो.

खाली पाणी साठवणाऱ्या कुंड्या पीस लिली आणि स्पायडर प्लांटसाठी चांगल्या, विशेषतः आठवडाभर गावाला जाणाऱ्यांना. स्नेक प्लांटला सापळा. पाणी वातीने खालून वर चढतं आणि क्षार वरच्या थरात ठेवतं, म्हणून महिन्यातून एकदा वरून धुवायचीच. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला टाकी रिकामी ठेवा. हवा दमट, ऊन नाही, झाड पाणी पीत नाही.

पानं चमकवायचा स्प्रे: ओलं फडकं.

खरेदीची वेळही बघा. फेब्रुवारी-मार्च कुंडी बदलायला सगळ्यांत चांगला. २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आगेमागे नर्सरीत सवलत असते आणि झाडं अर्धमेली असतात. घेतलंच तर गोळा सोडवू नका. पिशवीसकट उत्तरेच्या खिडकीशी सावलीत ठेवा, काडी घालून बघत पाणी द्या, खत नको, फवारणी नको. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्यामुळे तिकडे बघत बसू नका, शेंड्याकडे बघा. जूनअखेरीला हवा ओलसर झाली आणि शेंड्यावर नवं पान उलगडायला लागलं की कुंडी बदला. तोवर कोकोपीटची वीट धुऊन पिळून तयार ठेवता येईल.